येतं, जमतं, करवत नाही

स्पॅनिशच्या वर्गात दुसऱ्या महिन्यात, मुलांच्या पदरी शे-सव्वाशे क्रियापदं जमा झाली की मी फळ्यावर एक साधं मराठी वाक्य लिहिते : 'तुला स्पॅनिश येतं का?' याचं स्पॅनिश करा, एवढंच सांगते. गेली वीस-बावीस वर्षं पुण्यात शिकवते आहे आणि दर वर्षी वहीत हमखास दोन उत्तरं सापडतात. पहिलं असतं, 'ते ब्येने एस्पान्योल?' 'येणे'ला स्पॅनिशमध्ये 'बेनीर', म्हणून 'तुला स्पॅनिश येतं का'. शब्दाला शब्द लावलेला, हिशोब चोख. स्पॅनिश माणसाला मात्र यातून काहीच कळणार नाही. दुसरं उत्तर इंग्रजी माध्यमातल्या मुलांचं : 'प्वेदेस आब्लार एस्पान्योल?' ही मुलं मराठीतून इंग्रजीत गेली, तिथे 'कॅन' भेटलं, त्याला घेऊन स्पॅनिशमध्ये उतरली. हे वाक्य व्याकरणात बसतं. पण ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्याला विनंती केली आहे : 'जरा स्पॅनिशमधून बोलशील का?' तो निमूट स्पॅनिश बोलू लागतो. त्याला स्पॅनिश येतं की नाही, हे विचारणाऱ्याला त्याच्या उत्तराच्या वेगावरून ताडावं लागतं.

बरोबर उत्तर आहे 'आब्लास एस्पान्योल?' म्हणजे शब्दशः 'स्पॅनिश बोलतोस?' बस्स. 'येणे' नाही, 'शकणे' नाही. मुलं हिरमुसतात. एवढा विचार केला आणि उत्तर इतकं साधं! 'साबेस एस्पान्योल?' असंही चालतं, 'स्पॅनिश जाणतोस?' आपल्या जुन्या वळणाच्या 'त्याला फारशी अवगत होती'च्या जवळचं.

मी मूळची आंबेगाव तालुक्यातली, घोडेगावजवळच्या एका गावची. वर्गातही जुन्नर-आंबेगावकडची दोन-चार मुलं दर वर्षी असतातच. कुणी ओतूरचं, कुणी मंचरचं, एखादी भीमाशंकरच्या वाटेवरच्या वाडीतली. त्यांना मी गमतीने सांगते की तुम्ही स्पॅनिशला परके नाही. नारायणगावच्या बाजारात क्रेटवर क्रेट रचलेला टोमॅटो अमेरिकेतल्या नाहुआत्ल भाषेतून आधी स्पॅनिशमध्ये गेला, 'तोमाते' झाला आणि मग इतर भाषांतून फिरत आपल्यापर्यंत आला. सातगाव पठारावर पावसाळ्यात निघणाऱ्या बटाट्याचं नाव पोर्तुगीजांनी इथे आणलं, पण त्यांच्याही आधी ते कॅरिबियन बेटांवरून स्पॅनिश खलाशांनी उचललेलं. मुलं हसतात. शब्द येणं आणि भाषा येणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना ठाऊक असतं.

या एका प्रश्नाच्या मागे मी इतकी लागले, त्याचं कारण वर्गात नाही, घरात आहे.

माझी आई शाळेत गेली नाही. राष्ट्रीय साक्षरता अभियान 1988मध्ये सुरू झालं, त्यानंतरच्या काही वर्षांत गावोगावी संध्याकाळचे वर्ग निघाले. अशाच एका वर्गात, वयाच्या चाळिशीत ती सही करायला शिकली. पुढे जोडाक्षरं, बाराखडी थोडीफार झाली, पण सही हा तिचा अभिमान. जनगणनेच्या व्याख्येत नुसत्या सहीला किंमत नाही. सात वर्षांवरच्या ज्या माणसाला कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता आणि वाचता येतं तोच साक्षर. ती व्याख्या आईला कुणी सांगितली नाही, बरंच झालं. तिच्या लेखी जगात दोनच तऱ्हेची माणसं होती, सही येणारी आणि अंगठेवाली.

चार वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. काही महिन्यांनी पैसे काढायला मी तिला घेऊन गेले. खिडकीमागच्या माणसाने नेहमीच्या सुरात विचारलं, "आजी, सही येते का?" आई म्हणाली, "येते की." त्याने कागद पुढे केला. तिने पेन धरलं, दुसऱ्या हाताने उजवं मनगट उचलून कागदावर ठेवलं, आणि एक वाकडी रेघ ओढली गेली. मागे रांग. तो म्हणाला, "अहो आजी, येत नाही तर तसं सांगायचं ना, अंगठा घेतला असता." वाईट हेतूने बोलला असं नाही. पण आईचा चेहरा मी पाहिला. ती म्हणाली, "येती रे बाबा. करवत नाही."

माझ्या स्पॅनिशच्या पाठ्यपुस्तकात एक पूर्ण प्रकरण ज्याच्यावर खर्ची पडतं, ते तिने चार शब्दांत सांगितलं होतं.

स्पॅनिशमध्ये क्षमतेची दोन मुख्य क्रियापदं आहेत, 'साबेर' आणि 'पोदेर'. शिकून अंगी आलेली गोष्ट असेल तर 'साबेर' : 'साबे नादार', त्याला पोहता येतं. अंगातली ताकद, परिस्थिती, परवानगी यांचा प्रश्न असेल तर 'पोदेर' : हात प्लॅस्टरमध्ये आहे, 'नो प्वेदे नादार'. जगातल्या बहुतेक स्पॅनिश पुस्तकांत हा प्लॅस्टरमधला हात कुठेतरी भेटतोच. इंग्रजी दोन्हीकडे 'कॅन' म्हणून मोकळी होते, म्हणून इंग्रजीवरून स्पॅनिश शिकणारा वर्षानुवर्षं चुकत राहतो. आईचं वाक्य स्पॅनिशमध्ये सरळ उतरतं : 'से फिर्मार, पेरो नो प्वेदो.' सही करणं जाणते, पण करवत नाही.

आपल्याकडे 'करवत नाही'ला व्याकरणात स्वतंत्र खोली आहे. शाळेत 'शक्य क्रियापद' म्हणून चार ओळींत उरकलं जातं ते हेच : 'मला आता डोंगर चढवत नाही', 'आजोबांना बसवत नाही', 'आईच्याने बोलवत नाही'. मोरो केशव दामल्यांच्या 1911च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून ते आजच्या गाइडांपर्यंत सगळीकडे त्याचा उल्लेख आहे. धातूला 'व' लागतो, करणारा माणूस 'ला' किंवा 'च्याने' घेऊन बाजूला उभा राहतो. हाच 'व' प्रयोजक क्रियापदातही असतो, त्यामुळे 'चालवते' हा शब्द एकटा उभा केला तर बाई ट्रॅक्टर चालवते आहे की तिला दुखण्यातून उठून चालवतं आहे, हे सांगता येत नाही. 'ती' आणि 'तिला' एवढाच काय तो फरक. आणि आणखी एक. हे क्रियापद बहुतेक वेळा नकारात किंवा प्रश्नात येतं. 'मला चालवतं' असं कुणी आपणहून सांगत फिरत नाही. 'चालवत नाही' म्हणायची वेळ येते तेव्हाच ते आठवतं. शब्दच दुखण्याचा आहे.

पण 'येणे' म्हणजे 'साबेर' आणि '-वणे' म्हणजे 'पोदेर' असा तक्ता काढून मोकळं होता येत नाही. (हे 'होता येत नाही' बघा. यात शिकण्याचा काय संबंध?) 'येणे' आपल्याकडे फार मोठा पसारा सांभाळतं. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात उसात बिबट्या आहे. रात्रपाळीची वीज, आणि शेतकरी म्हणतो, "रात्रीचं पाणी भरायला जाता येत नाही." त्याला जायची वाट ठाऊक आहे, पायात बळ आहे, दारं मोडायचं कसब बापजाद्यांचं आहे. तरी येत नाही. इथे स्पॅनिश 'साबेर'ला हातही लावणार नाही. ती म्हणेल 'नो से प्वेदे'. कर्ता नाही, दोष कुणाचा नाही, परिस्थितीच तशी. 'इथे गाडी लावता येणार नाही' हेही तसंच. याच 'से प्वेदे'चा एक गोड उपयोग आहे : दारावर टकटक करून स्पॅनिश माणूस नुसतं विचारतो, 'से प्वेदे?' म्हणजे 'चालेल का?', 'शक्य आहे का?' आपण त्याच उंबऱ्यावर उभं राहून विचारतो, 'येऊ का?'

म्हणजे मराठीने शिकलेलं आणि शक्य असलेलं दोन्ही 'येणे'च्या दावणीला बांधलं, आणि अंगातल्या बळासाठी मात्र वेगळं रूप राखून ठेवलं. स्पॅनिशने रेघ दुसरीकडे ओढली. शिकलेलं एका बाजूला, बाकी सगळं दुसऱ्या बाजूला. खिडकीमागच्या त्या माणसाने 'सही येते का' हे एका अर्थाने विचारलं, आईने दुसऱ्या अर्थाने उत्तर दिलं. दोघंही मराठीच बोलत होते आणि दोघंही बरोबर होते.

भूतकाळात गेलं की मात्र दोन्ही भाषा एकमेकींच्या इतक्या जवळ येतात की मला दर वर्षी नव्याने आश्चर्य वाटतं. आमच्या भागात विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून मुलं पोहायला शिकायची. डिंभ्याचं धरण झालं, जुनं आंबेगाव पाण्याखाली गेलं, आणि विहिरीत शिकलेल्यांना एकदम समुद्राएवढं पाणी समोर दिसलं. विहिरीत पोहणं आणि धरणात पोहणं एक नव्हे, हे जाणती माणसं घसा कोरडा करून सांगायची. एखादी वाईट बातमी आली की ओट्यावर एकच वाक्य ऐकू यायचं : "त्याला पोहता येत होतं, पण पोहता आलं नाही." 'येत होतं' हे कसब, 'आलं नाही' ही त्या दिवशीची घटना. क्रियापद तेच, फक्त काळाचं रूप बदललं आणि केवढी दरी पडली. स्पॅनिशमध्ये : 'साबीया नादार, पेरो नो पुदो.' 'साबीया' अपूर्ण भूतकाळ, चालत असलेलं. 'पुदो' पूर्ण भूतकाळ, घडून संपलेलं. 'नो पुदो'त प्रयत्न केला आणि साधला नाही हे गृहीतच असतं, जसं आपल्या 'आलं नाही'त. इंग्रजीत दोन्हीकडे 'कुड' लावून बघा म्हणजे कळेल, काय हरवतं ते. मी मुलांना म्हणते, पूर्ण-अपूर्ण भूतकाळाला घाबरू नका, इंग्रजीकडे बघू नका, आपल्या आजीचं बोलणं आठवा.

आता 'जमणे'. या क्रियापदावर खरं तर स्वतंत्र लेख व्हावा. 'मला पुरणपोळी जमते', 'मला गणित जमत नाही', 'रविवारी जमेल का?', 'त्यांचं आणि आमचं जमत नाही', आणि लग्न जमतं ते वेगळंच. स्पॅनिश यातली वाक्यं वेगवेगळ्या घरी पाठवते. कसब असेल तर 'से मे दा ब्येन' : शब्दशः सांगायचं तर ती गोष्ट मला चांगली दिली जाते. 'से मे दान ब्येन लास मातेमातिकास', मला गणित चांगलं जमतं. इथे क्रियापद गणिताच्या मागे जातं (स्पॅनिशमध्ये गणित अनेकवचनी, म्हणून 'दा'चं 'दान'), आणि माणूस 'मला' होऊन कडेला बसतो, तंतोतंत मराठीसारखा. हा 'मला' इंग्रजीवरून शिकणाऱ्यांना छळतो. मराठी मुलांना तो सांगावाही लागत नाही. वेळ-सोयीचा प्रश्न असेल तर मात्र 'ते ब्येने ब्येन एल दोमिंगो?', रविवारी जमेल का? म्हणजे पहिल्या दिवशी वहीत चुकलेलं ते 'ते ब्येने' इथे बरोबर ठरतं! स्पॅनिशमध्येही 'येतं', पण माणसाला भाषा येत नाही, रविवार येतो.

कुशलतेसाठी तिथे उलट दिशेचं क्रियापद आहे, 'सालीर', बाहेर पडणे. 'र' नीट उच्चारता न येणारं मूल म्हणतं, 'नो मे साले ला एर्रे', मला 'र' निघत नाही. आपल्याकडे 'र' येत नाही, तिकडे निघत नाही. गाणाऱ्याचा सूर मात्र दोन्हीकडे 'लागत' नाही वा 'निघत' नाही, हे लक्षात घेतलं तर अंतर फार नाही.

जाता जाता शेजाऱ्यांकडेही पाहावं. हिंदीत 'मुझे आती है', कन्नडात 'ननगे कन्नड बरुत्ते', दोन्हीकडे भाषा माणसाकडे येते. एक उत्तरेची, एक दक्षिणेची, घराणी वेगळी, पण वळण एक. गुजराती मात्र मराठी कानाला चकवते : 'मने गुजराती आवडे छे' म्हणजे मला गुजराती येतं. आपण ऐकतो, मला गुजराती आवडतं. आवडणं आणि येणं यांत फार अंतर नसावं, अशी माझी एक शिक्षकी समजूत आहे. तिला पुरावा नाही.

माझी भाची मंचरला वाढली. पुण्यात पदवी करताना तिने स्पॅनिश घेतलं, तीन वर्षं घासून केलं. नोकरीसाठी एका कंपनीचा अर्ज भरायचा होता. त्यात इंग्रजीत एकच प्रश्न, तुम्हाला स्पॅनिश अस्खलित बोलता येतं का, हो किंवा नाही. तिने 'नाही'वर खूण केली. मला संध्याकाळी फोन. "मावशी, अस्खलित कसं म्हणू गं? तू म्हणशील का स्वतःला?" मी गप्प बसले, कारण मीही म्हणाले नसते. अर्ज तिथेच संपला. तिच्याच वर्गातल्या एकाने, ज्याची गृहपाठाची वही ती तपासून द्यायची, 'हो'वर खूण केली होती.

आपल्याकडे क्षमता विचारली की माणूस आधी ती कमी करून सांगतो. "येतं थोडंफार", "कामापुरतं येतं", "मोडकंतोडकं बोलते". गावाकडे तर "आपल्याला काय येतंय" म्हणून सुरुवात करणारा भजनी माणूस दोन तास मृदंग सोडत नाही. ही नम्रता खोटी नसते, पण हो-नाहीच्या चौकटीत तिला जागा नसते. युरोपच्या परिषदेने 2001मध्ये भाषाक्षमतेच्या सहा पायऱ्या ठरवल्या, ए-एक ते सी-दोन, त्या बऱ्याच अंशी याच अडचणीवर तोड म्हणून उपयोगी पडतात. अस्खलित की नाही, असं विचारायचंच नाही. काय-काय करता येतं ते विचारायचं : स्वतःची ओळख करून देता येते का, प्रवासात निभावून नेता येतं का, एखाद्या गुंतागुंतीच्या मजकुराचा गाभा कळतो का. इन्स्टिट्यूटो सेर्व्हान्तेसच्या 'देले' परीक्षा याच पायऱ्यांवर उभ्या आहेत. गंमत अशी की या वर्णनांच्या इंग्रजी मसुद्यात ओळीगणिक 'कॅन' आहे. स्पॅनिश मसुदा करणाऱ्यांनी मात्र कुठे 'एस कापास दे' म्हणजे सक्षम आहे, कुठे 'प्वेदे', कुठे 'साबे' अशी निवड केली आहे. त्यांच्या भाषेने त्यांना निवडायला लावलं. मराठीत कुणी हा तक्ता करायला बसलं तर त्याने 'शकतो-शकतो' करत सुटू नये, एवढी माझी विनंती आहे. 'शकणे' जुनंच आहे, ज्ञानेश्वरीच्या काळापासूनचं. पण 'आपण येथे अर्ज करू शकता' छापाच्या सूचनांनी त्याला इतकं राबवलं आहे की 'करता येईल', 'जमेल', 'झेपेल', 'करवेल' ही चार भावंडं घराबाहेर उभी आहेत.

भाचीने पुढच्या खेपेला 'बी-दोन' असं लिहिलं, प्रमाणपत्र जोडलं. मुलाखत फोनवर झाली. समोरची बाई कोलंबियाची होती आणि तिने 'उस्तेद' लावून, म्हणजे आदराने सुरुवात केली. 'उस्तेद' हे मुळात 'वुएस्त्रा मेर्सेद', आपली कृपा. म्हणून त्याच्यापुढे क्रियापद तृतीय पुरुषी लागतं. कोलंबियाच्या काही भागांत घरच्या माणसांनाही उस्तेदच म्हणतात, जशा आपल्याकडे काही घरांत सासूबाई सुनेला अहोजाहो करतात. अर्जेंटिनाची असती तर 'तू'चं 'बोस' झालं असतं, आणि 'साबेस'चा जोर शेवटच्या अक्षरावर गेला असता. आणि हो, अर्जेंटिनाच्या आतल्या मुलखात नि अँडीजच्या काही भागांत 'साबेर' हे सवयीसाठीही येतं : 'साबे बेनीर' म्हणजे तो यायचा असतो, येत असतो. पुस्तकी स्पॅनिश शिकलेला माणूस तिथे 'त्याला येता येतं' असं काहीतरी समजून बसतो.

तर बाईंनी शेवटी विचारलं, आणि इंग्रजी कसं आहे? भाची म्हणाली, 'मे देफ्येन्दो.' मी स्वतःचा बचाव करते, म्हणजे निभावून नेते, कामापुरतं येतं. स्पॅनिश नम्रतेचा हा ठरलेला शब्द. त्यात 'येत नाही' असं कुठेही म्हटलेलं नसतं, आणि बढाईही नसते. बाई हसल्या म्हणे. नोकरी लागली. फोनवर मला हे सांगताना ती इतकी खूश होती की पगार सांगायची विसरली.

आई आता डाव्या हाताने लिहिते. दोन वर्षं रोज दुपारी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिचा सराव चालला. आधी नुसते गोल, मग काना, मग नाव. अक्षर पूर्वीसारखं नाही, पण एकासारखं एक निघतं. मागच्या महिन्यात नमुना सही बदलायला आम्ही पुन्हा त्याच ठिकाणी गेलो. खिडकीत या वेळी एक मुलगी होती. तिने विचारलं, "आजी, सही येते का तुम्हाला?"

"येती," आई म्हणाली. "जरा दम धर."